रोज चालवता येईल अशी स्पोर्ट्स कार निवडताना

गाडी घ्यायची ठरली की पावले आधी शोरूमकडे वळतात आणि गफलतीची सुरुवात तिथेच होते. चालवायला मजा येईल आणि रोज वापरताही येईल अशी गाडी हवी असेल, तर आधी आठवडाभर आपल्या रोजच्या रस्त्याची नोंद ठेवावी. घरातून निघाल्यापासून कचेरीच्या वाहनतळात गाडी लावेपर्यंत किती स्पीडब्रेकर लागतात, त्यांपैकी किती मापात बसणारे आणि किती रातोरात डांबराचा ढीग ओतून केलेले आहेत, सिग्नलवर किती मिनिटे जातात, सोसायटीच्या तळघरात उतरणारा उतार किती तीव्र आहे, पावसाळ्यात कोणत्या चौकात पाणी साचते, हे सगळे वहीत उतरवावे. बाणेरहून हिंजवडीला किंवा ठाण्याहून अंधेरीला रोज ये-जा करणाऱ्याच्या वहीची दोन पाने या नोंदींनी सहज भरतील. मग त्यांतला सर्वांत वाईट एक किलोमीटर शोधून त्याखाली रेघ मारावी. रोजच्या वापराची स्पोर्ट्स कार त्या किलोमीटरवर निवडायची असते, असे माझे ठाम मत आहे. रविवारी पहाटे मोकळ्या मिळणाऱ्या ताम्हिणी घाटाचा विचार त्यानंतर करावा.

हा क्रम उलटा केला की काय होते, ते मी स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी हॅचबॅक घेतली. आधीच्या मालकाने तिला कमी उंचीच्या स्प्रिंगा बसवल्या होत्या, आणि रविवारी सकाळी रिकाम्या बाह्यवळण रस्त्यावर घेतलेल्या फेरीत ती इतकी जमिनीला धरून वळली, की मी घासाघीस न करताच पैसे मोजले. सोमवारी आमच्याच फाटकातल्या स्पीडब्रेकरवर तिचे पोट घासले. पुढची दीड वर्षे मी तो स्पीडब्रेकर तिरका ओलांडत होतो, आणि मी घरी आल्याचे वॉचमनला न पाहताच, केवळ आवाजावरून कळत असे.

‘स्पोर्ट्स कार’ या शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला, तर ती दोन आसनांची, बुटकी, हलकी आणि बहुधा मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी असते. १९८९ पासून बनत आलेली माझ्दाची एमएक्स-५ हे तिचे आदर्श उदाहरण म्हणता येईल; परंतु ती भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, आणि टोयोटाची जीआर ८६ देखील नाही. पोर्शेच्या गाड्या मिळतात, पण पूर्ण तयार स्वरूपात आयात होणाऱ्या गाडीवर आयात शुल्क, जीएसटी आणि रोड टॅक्स यांची भर पडून किंमत मूळ किमतीच्या दुपटीपलीकडे जाते. त्यामुळे आपल्याकडच्या ग्राहकापुढे प्रत्यक्षात दुसरी वाट उरते, आणि ती काही कमअस्सल नाही. फोक्सवॅगनने १९७६ मध्ये गोल्फ जीटीआय विक्रीला आणली, तेव्हा कुटुंबाच्या साध्या हॅचबॅकमध्ये जोमदार इंजिन आणि ताठ सस्पेन्शन बसवले की रोजची गाडीच खेळकर होते, हे तिने दाखवून दिले. त्याच विचाराची धाकटी-थोरली भावंडे गेल्या काही वर्षांत आपल्या बाजारात आली. ह्युंदाईची आय-२० एन लाइन २०२१ मध्ये आली, टाटाची अल्ट्रोझ रेसर २०२४ मध्ये आली. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाव्हिया या एकाच १.५ लिटर इंजिनाच्या जुळ्या बहिणी म्हणाव्यात अशा आहेत. वरच्या टोकाला मिनी कूपर एस आहे, तसेच २०२५ मध्ये मोजक्या संख्येने आयात झालेल्या गोल्फ जीटीआय आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहेत.

या यादीत दोन गट आपोआप पडलेले दिसतात, आणि त्यांच्यामधली भिंत कराने उभी केलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार, लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो. या दोन्हींपैकी एकही अट मोडली की तो थेट ४० टक्के होतो. आय-२० एन लाइनचे इंजिन ९९८ सीसीचे आणि अल्ट्रोझ रेसरचे ११९९ सीसीचे का, याचे उत्तर अभियंत्यांपेक्षा करविभागाकडे जास्त आहे. व्हर्टसची लांबी साडेचार मीटरच्या पुढे असल्याने तिचे लहान, १ लिटरचे इंजिन घेतले तरी ४० टक्के चुकत नाहीत, आणि म्हणून त्या गाडीत ताकदीवर काटकसर करण्याचा फायदा वाटतो त्यापेक्षा कमी असतो. यावर महाराष्ट्रात एकरकमी वाहन कर द्यावा लागतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि २० लाखांपुढे १३ टक्के असा तो आहे. गाडी कंपनीच्या नावावर असेल किंवा आयात केलेली असेल, तर २० टक्के. म्हणजे १८ लाखांच्या गाडीचे २ लाख १६ हजार रुपये केवळ या कराचे झाले. शोरूमच्या पत्रकावरची एक्स-शोरूम किंमत पाहून स्वप्ने रंगवू नयेत. बोलणी ऑन-रोड किमतीवरच करावीत.

आता पुन्हा वहीकडे वळू. तिच्यातली पहिली नोंद स्पीडब्रेकरची होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे गोलाकार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने तो विनासायास ओलांडता येतो. असा स्पीडब्रेकर कोणत्याही बऱ्या गाडीला त्रास देत नाही. त्रास देतो तो उंची तेवढीच किंवा जास्त, पण रुंदी जेमतेम हातभर असलेला उंचवटा, कारण पुढची चाके तो उतरून गेल्यावर गाडीचे पोट नेमके त्याच्या माथ्यावर येते. म्हणून ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा एकटा पाहू नये. दोन गाड्यांची जमिनीपासूनची उंची सारखी असली, तरी पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर जिचे जास्त तिचे पोट आधी टेकते, आणि पुढच्या चाकांपुढे बंपर जिचा जास्त बाहेर आलेला असतो तिचा हनुवटीचा भाग रॅम्पच्या पायथ्याशी घासतो. व्हर्टस आणि स्लाव्हिया यांचा आकडा १७९ मिलिमीटर आहे आणि सेडानसाठी तो उत्तमच म्हणायला हवा, पण तो रिकाम्या गाडीचा आहे. पाच माणसे आणि डिकीत गावाकडचे तांदळाचे पोते ठेवले, की गाडी मागून बसते आणि आकड्यातले बरेच मिलिमीटर निघून जातात. चाचणी घेताना म्हणूनच एकट्याने जाऊ नये. घरातली चार माणसे बसवून आपल्याच सोसायटीच्या रॅम्पवरून गाडी खाली-वर करावी. सेल्समन कुरकुर करील. करू द्यावी.

ज्यांच्या इमारतीत यांत्रिक पार्किंग आहे त्यांनी तिथल्या फलकावर लिहिलेली लांबी, रुंदी, उंची आणि वजनाची मर्यादा टिपून घ्यावी, आणि गाडीची रुंदी आरसे धरून मोजावी. लोखंडी पाटाच्या कडा बुटक्या टायरच्या अलॉय चाकांना हमखास ओरखडतात, हेही लक्षात असू द्यावे.

इंजिनाच्या बाबतीत बहुतेक खरेदीदार अश्वशक्तीचा आकडा पाहतात, पण शहरात सुख किंवा ताप देतो तो टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, आणि तोही किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो ही गोष्ट. होंडा सिटीचे टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) नसलेले १.५ लिटर इंजिन १२१ पीएस (अश्वशक्तीचेच एकक) ताकद देते, पण ती ६६०० आरपीएमला, आणि १४५ न्यूटन मीटर टॉर्कसाठी ४३०० आरपीएम गाठावे लागतात. व्हर्टस जीटीचे तेवढ्याच क्षमतेचे टर्बो इंजिन १५० पीएस देते, आणि २५० न्यूटन मीटरचा टॉर्क १६०० आरपीएमलाच हाती येतो. कागदावर दुसरे सरळसरळ सरस आहे, आणि हायवेवर एसटीला मागे टाकताना ते जाणवतेही. तरीही सिटीच्या इंजिनाची एक गोडी टर्बोला येत नाही : पाय जितका दाबावा तितकेच आणि त्याच क्षणी ते उत्तर देते, आणि आरपीएमचा काटा चढत जाताना त्याचा सूर बदलत जातो. टर्बो इंजिनात, विशेषतः १ लिटरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात, कमी आरपीएमला ताकदीची पोकळी असते. सिग्नल सुटल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, तरी क्षणभर काहीच होत नाही, आणि मग सगळी ताकद एकदम येते. हा दोष तीन किलोमीटरच्या चाचणीत लक्षात येत नाही. तो शोधण्यासाठी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १० ते १५ किलोमीटरवर आणून मुद्दाम पाय दाबून पाहावा, कारण गर्दीत दिवसातून शंभर वेळा नेमके हेच करावे लागते.

जास्तीत जास्त ताकद म्हणजे जास्तीत जास्त मजा, हा समज मात्र सोडून द्यावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटरची मर्यादा आहे, समृद्धी महामार्गावर सपाट भागात १२० ची आहे, आणि कॅमेरे दोन्हीकडे आहेत. बीएमडब्ल्यूच्या ३७४ पीएसच्या एम३४०आयसारखी गाडी साडेचार सेकंदांच्या आसपास शंभरी गाठते. म्हणजे तिचा पहिला-दुसरा गिअर संपेपर्यंत कायद्याने दिलेली जागाही संपते. त्याउलट ९२० किलोच्या आसपास वजनाची आणि जेमतेम ८२ पीएसची मारुती स्विफ्ट पसरणी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण राबवता येते, वळणावर वजन कुठे सरकते ते हाताला कळते, आणि एवढे करूनही आपण मर्यादेच्या आतच असतो. स्विफ्टला कोणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. परंतु हलकेपणा हा गुण पैसे देऊन नंतर बसवून घेता येत नाही, ताकद एक वेळ घेता येते. ज्यांचे अंदाजपत्रक दहा लाखांच्या आत आहे, त्यांनी खंत न बाळगता याच दिशेने पाहावे आणि वाचलेले पैसे चांगल्या टायरवर खर्च करावेत.

गिअरबॉक्सचा निर्णय सर्वांत अवघड, आणि इथे वहीतले सिग्नलचे मिनिटे निर्णायक ठरतात. मॅन्युअल गिअर हाताने टाकण्यात जो आनंद आहे त्याला पर्याय नाही, पण दीड तास पहिल्या-दुसऱ्यात क्लच दाबत बसणारा गुडघा तो आनंद फार काळ टिकू देत नाही. ड्युअल क्लच गिअरबॉक्स हा मधला मार्ग वाटतो, कारण तो क्षणार्धात गिअर बदलतो आणि डावा पाय मोकळा ठेवतो. त्याचे दोन प्रकार आहेत आणि विक्रेता क्वचितच ते सांगतो. व्हर्टस जीटीच्या सात गिअरच्या डीएसजीत, म्हणजे फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये, कोरडे क्लच आहेत. गोल्फ जीटीआयसारख्या मोठ्या इंजिनाच्या गाडीत ते तेलात बुडालेले असतात. कोरडा क्लच हलका आणि इंधन वाचवणारा असतो, पण गाडी मुंगीच्या पावलाने सरकत राहिली की तो अर्धवट जोडलेल्या अवस्थेत घासत राहतो आणि तापतो. त्यावरचा उपाय चालकाच्या हातात आहे. पुढच्या गाडीशी बंपर चिकटवत न राहता दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यावी, मग पूर्ण क्लच जोडला जाईल एवढी गाडी पुढे घ्यावी आणि नीट थांबावे. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरण्याची सवय तर पूर्ण मोडावी. तिथे ब्रेकच वापरावा. ज्यांच्या रोजच्या वाटेवर अर्ध्या तासापेक्षा जास्त असे सरकणे आहे आणि ज्यांना एवढी शिस्त जमणार नाही, त्यांनी टॉर्क कन्व्हर्टर असलेली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारी, साधी ऑटोमॅटिक पाहावी. ती थोडी सुस्त असते, पण गर्दीत कुरकुर करत नाही. माझ्यापुरते विचाराल, तर रोजचा प्रवास पाऊण तासाच्या आत असेल तोवर मी मॅन्युअलच घेईन.

टायरकडे लोक शेवटी पाहतात, जेव्हा की गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त त्यांच्यामार्फत येतो. टायरच्या कडेला २०५/५५ आर १६ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, आणि दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के हे सांगतो. म्हणजे या टायरची भिंत सुमारे ११३ मिलिमीटरची झाली. २२५/४० आर १८ या मापात ती ९० मिलिमीटर उरते. हा दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा रबर दिसायला किरकोळ वाटतो, पण जुलैमध्ये पाण्याने भरलेला खड्डा न दिसल्याने चाक त्यात आदळते, तेव्हा टायर फुटणे किंवा अलॉय वाकणे त्यावरच ठरते. मोठी चाके आणि बुटके टायर छायाचित्रात झकास दिसतात. आपल्या रस्त्यांवर १६ इंच ही बहुतेकांसाठी समंजस मर्यादा आहे. एकाच गाडीचे दोन व्हेरियंट केवळ चाकांच्या मापाने वेगळे असतील, तर लहान माप निवडावे. कंपनीने दिलेले टायर मायलेजसाठी कडक रबराचे असतील, तर ते झिजल्यावर त्याच मापाचे मऊ, पाण्यात चांगली पकड देणारे टायर घ्यावेत. गाडीचा स्वभाव बदलणारा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

ब्रेकबाबत आय-२० एन लाइनला चारही चाकांना डिस्क आहेत, तर व्हर्टस जीटीला मागे ड्रम दिले गेले, आणि त्यावरून तिला बरीच बोलणी खावी लागली आहेत. दिसायला ते खटकते हे खरे. पण एवढ्याच कारणाने गाडी नाकारू नये, कारण थांबवण्याचा बहुतेक भार पुढची चाके उचलतात. घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवला तर डिस्कही तापून सैल पडतील. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे ही जुन्या ट्रकचालकांची रीत ताकदीच्या गाडीलाही तितकीच लागू आहे. सहा एअरबॅग, ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि क्रॅश टेस्टचे तारे या बाबतीत मात्र तडजोड नको. व्हर्टस आणि स्लाव्हिया यांना ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपही सुरू असल्याने आपण पाहत असलेल्या मॉडेलचा अहवाल वाचणे अवघड राहिलेले नाही.

घरच्यांचा विचार वेगळा सांगायला नको, तरी एक सांगतो. ताठ सस्पेन्शनची मजा चालवणाऱ्याला येते, मागे बसणाऱ्याला फक्त हादरे जाणवतात. आईला किंवा सासूबाईंना मागच्या सीटवर बसवून आपल्या त्या वाईट किलोमीटरवरून न्यावे आणि नंतर काही न विचारता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. तीन दारांच्या मिनीत मागे बसायला त्यांना वाकून शिरावे लागेल, हेही तेव्हाच कळेल. लहान मूल असेल तर त्याची सीट स्वतः आयसोफिक्सला (मागच्या सीटमधल्या तयार कड्यांना) अडकवून पाहावी. व्हर्टस-स्लाव्हियाची ५२१ लिटरची डिकी गणपतीला कोकणात जाताना कामी येते, हा मुद्दा घरात मंजुरी मिळवण्यासाठी मी अनेकांना वापरताना पाहिले आहे.

वापराचा खर्च काढताना कंपनीचे ॲव्हरेज बाजूला ठेवावे. रोज ३० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर ७५० किलोमीटर होतात. लिटरला १०५ रुपये धरून, गर्दीत १० किलोमीटरचे ॲव्हरेज देणाऱ्या टर्बो गाडीला महिन्याला सुमारे ७,९०० रुपये आणि १४ चे देणाऱ्या साध्या गाडीला सुमारे ५,६०० रुपये लागतील. फरक सव्वादोन हजारांचा आहे. ज्याला तो डोळ्यांत खुपतो त्याने आताच थांबलेले बरे, कारण टायर आणि सर्व्हिसिंग यांतही तसाच फरक पुढे येतो. इंधनाच्या झाकणाच्या आत कोणत्या ऑक्टेनचे पेट्रोल चालते ते लिहिलेले असते. तिथे ९१ लिहिले असेल तर महागड्या पेट्रोलचा आग्रह धरण्याचे कारण नाही. ९५ लिहिले असेल तर एक्सपी ९५ सारखे इंधन कोणत्या पंपावर मिळते ते आधीच पाहून ठेवावे. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, म्हणून जुनी गाडी घेताना तिच्या पुस्तिकेत ई-१० लिहिले आहे की ई-२०, हे तपासणे आवश्यक आहे.

विम्याचा थर्ड पार्टी हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार तो १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहे. व्हर्टस जीटीचे इंजिन १४९८ सीसीचे असल्याने ती मधल्या गटात बसते. स्वतःच्या गाडीचा विमा झिरो डेप्रिसिएशनसह (भरपाईतून सुट्या भागांची घट न कापणारा) घ्यावा, आणि वहीत पाणी साचणारा चौक असेल तर इंजिन प्रोटेक्शनही घ्यावे. साध्या पॉलिसीत पाण्यामुळे इंजिनाच्या आत झालेले नुकसान सहसा धरले जात नाही, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला, तर सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले न गेल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे चावीला हात न लावता टोइंगच बोलवावे.

जुन्या गाड्यांच्या बाजारात मोह सर्वांत जास्त असतात. २०२२ मध्ये बंद झालेली पोलो जीटी टीएसआय आजही भाव धरून आहे, आणि तिचे १ लिटरचे इंजिन व्हर्टसच्या लहान इंजिनाच्याच घराण्यातले असल्याने सुट्या भागांची चिंता कमी आहे. फियाटची १४५ पीएसची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली तेव्हा त्या किमतीत तिच्या तोडीचे काही नव्हते, पण फियाट ब्रँडने भारतातला कारभार गुंडाळला आहे. ती घ्यायचीच, तर दुसरी एखादी गाडी घरात आहे आणि ओळखीचा जाणकार मेकॅनिक गावात आहे, अशा परिस्थितीतच घ्यावी. रोजची एकमेव गाडी म्हणून नको. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर वयाची बंधने असल्याने तिकडच्या गाड्या पुण्या-मुंबईत स्वस्तात विकायला येतात. त्या घेताना तिकडची एनओसी, महाराष्ट्रातला वाहन कर आणि नव्याने पासिंग यांचा खर्च जोडूनच किंमत ठरवावी. कोणतीही जुनी गाडी असो, एम-परिवहन ॲपवर आरसी, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलने पाहावीत, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) बसली आहे का ते पाहावे. गाडी पूर्ण थंड असताना पहिल्यांदा सुरू करून पाहण्याचा आग्रह धरावा. आपण पोहोचण्याआधी मालकाने ती गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी जावे.

इंजिनाचा रिमॅप केलेली (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकात बदल केलेली), सायलेन्सर बदललेली किंवा माझ्यासारखी स्प्रिंगा बदललेली गाडी टाळावी, ती कितीही चपळ वाटली तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले, आणि विमा कंपनीला दावा नाकारायला असे बदल आयते कारण देतात. शिवाय रिमॅप काढून टाकून गाडी विकायला आणली, तरी क्लच आणि टर्बोने सोसलेला ताण काढून टाकता येत नाही.

नवी गाडी निश्चित झाली, की नोंदणी होण्याआधी डीलरच्या आवारात जाऊन ती दिवसाउजेडी पाहावी. टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा वाचावा. १८२५ म्हणजे २०२५ सालचा अठरावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी यांच्या तारखा एकमेकांच्या जवळपास असाव्यात, आणि गाडीच्या पट्टीवरचा उत्पादनाचा महिना बिलावरच्या महिन्याशी जुळावा. ओडोमीटरवर शंभरापेक्षा जास्त किलोमीटर असतील तर ती टेस्ट ड्राइव्हची गाडी आहे का, हे सरळ विचारावे. बोनेट उघडून चासी क्रमांक कागदाशी ताडून पाहावा, मग खाली वाकून पुढच्या बंपरच्या खालची कड बोटाने चाचपावी. तिथे ओरखडा लागला, तर कोणाच्या तरी रॅम्पवर ती आधीच उतरून आलेली आहे, आणि अशा वेळी दुसरी गाडी मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.